रेवतीची उंची

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय एका वादातून निघाला आहे. आपल्या ग्रंथालयात ह्या वर्षी मुलांसाठी वेगळे कपाट करावयाचे ठरले, हे आपणांस ठाऊक आहेच. पुस्तकांची यादी बैठकीपुढे आली, तीत कालप्रवासाच्या गोष्टींची काही पुस्तके निघाली आणि सरळ दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे असे, की मुलींना अभ्यास थोडा का आहे? थोरांची चरित्रे आहेत, प्रवासवर्णने आहेत. सकाळी पेशव्यांच्या दरबारात जायचे आणि संध्याकाळी चहाला घरी यायचे, असले काही वाचून डोक्यात भलती खुळे मात्र शिरतील. दुसरी बाजू म्हणाली, अहो, मुले काहीतरी वाचताहेत हेच आज पुष्कळ समजा. बोलता बोलता चहा निवला, ठराव पुढे ढकलला गेला, आणि ‘तुम्हीच ती वाचा आणि वर्धापनदिनी काय ते सांगा’ असा हुकूम मला झाला. तो मी आनंदाने पाळला. ह्या वयात फक्कड गोष्टी वाचण्याचे काम कोणी अंगावर टाकले, तर नाही कोण म्हणेल?

पहिली गोष्ट ही, की ही कल्पना परक्या मुलखातून आलेली आहे, असे समजण्याचे कारण नाही. पुराणश्रवणाला बसणाऱ्या आपल्या आज्यांना ती चांगली ठाऊक होती. रेवतीची कथा आपल्यापैकी कित्येकींनी ऐकली असेल, पण बलरामाची बायको एवढ्यावरच आपण तिला सोडून देतो. आज जरा थांबून तिच्याकडे पाहू या.

कुशस्थलीचा राजा ककुद्मी. त्याला रेवती नावाची मुलगी. मुलगी लग्नाची झाली, आणि राजाला एकही स्थळ पसंत पडेना. हा प्रकार आपल्या पेठांतून अजून पाहावयास मिळतो. राजाने ठरवले, की आता थेट ब्रह्मदेवालाच विचारावे. मुलीला बरोबर घेतले आणि ब्रह्मलोकी गेला. तिथे गाणे चालले होते. हाहा आणि हूहू हे दोन गंधर्व गात होते. ही नावे मी हशा पिकवण्यासाठी रचलेली नाहीत. विष्णुपुराणाच्या चौथ्या अंशात पहिल्याच अध्यायात ती आहेत. मैफलीत मध्येच उठून बोलणे बरे दिसत नाही, म्हणून बापलेक जरा वेळ बसले. गाणे संपले. राजाने नमस्कार करून स्थळांची यादी पुढे केली. ब्रह्मदेव हसले. म्हणाले, ‘अरे राजा, ह्यांतले कोणीही उरले नाही. त्यांची मुले नाहीत, नातवंडे नाहीत, गोत्राचे नावसुद्धा ऐकू येत नाही. तू इथे बसलास तेवढ्यात खाली सत्तावीस चतुर्युगे होऊन गेली.’

एक चतुर्युग म्हणजे ४३,२०,००० वर्षे. सत्तावीस वेळा धरली तर ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षे झाली. एका गाण्यात! सवाई गंधर्व महोत्सवात पूर्वी पहाटेपर्यंत बसलेल्या मंडळींनी ह्यावरून बोध घेण्यास हरकत नाही.

ब्रह्मदेवांनी बलरामाचे नाव सुचवले, बापलेक परत आले. कुशस्थली ओळखू येईना. तिथे आता द्वारका होती. माणसे तर पाहावीत ती बुटकी, अशक्त, पूर्वीच्या मानाने अगदीच किरकोळ. रेवती पहिल्या युगांतली, तिची उंची तशीच प्रचंड. नवरीमुलगी नवऱ्याहून कितीतरी उंच! मग बलरामाने काय केले? नांगर उचलला आणि नांगराच्या टोकाने तिला खाली ओढून इतर बायकांएवढी केली. लग्न लागले. ककुद्मी मुलगी देऊन तपाला निघून गेला. कथा संपली.

भागवतातही ही कथा आहे, पण तिथे नांगर नाही. विष्णुपुराणकाराने तो घातला, हे फार बरे झाले, कारण माझ्या मते सगळी गोष्ट त्या नांगरातच आहे. ‘चपला काढून उभी राहा गं,’ असे पाहायला आलेल्यांनी सांगितल्याची आठवण ह्या सभागृहात किती जणींना असेल! जरा पोक काढून चाल, एवढ्या मोठ्याने हसू नकोस, सासरी तुझे शिक्षण फार दाखवू नकोस. ह्या सगळ्या नांगराच्याच बारक्या आवृत्त्या आहेत. आणि पुराणात ह्याला लागलेली जागा किती, तर एक श्लोक. राजाला आश्चर्य वाटले हे लिहिले आहे, ब्रह्मदेव हसले हे लिहिले आहे. रेवतीला काय वाटले, ह्याविषयी एक अक्षर नाही. तिच्या मैत्रिणी ११ कोटी वर्षांपूर्वी वारल्या. तिची बोली द्वारकेत कोणाला कळली असेल की नाही, कोण जाणे. रुक्मिणी वगैरे जावांनी पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात तिला काय विचारले असेल? तिने फोडणीला काय घातले असेल? बाप तर मोकळा होऊन तपाला गेला. जिला नव्या युगात राहावयाचे होते, तिला कोणी विचारलेच नाही.

आता मुलांच्या पुस्तकांकडे येते. काळातून इकडेतिकडे जाण्याच्या पुष्कळ गोष्टी आहेत. पण वाढत्या वयाच्या मुलीने वाचावी अशी त्यांतली कोणती, ह्याची माझी कसोटी रेवतीने दिली आहे. प्रवास करणाराच्या मनात काय झाले, ते लेखकाने सांगितले आहे का? आणि ते सांगताना हसवले आहे का? ह्या दोन प्रश्नांवर मी पुस्तके निवडली.

विनोदी कालप्रवासाचे पहिले मोठे नाव मार्क ट्वेन ह्यांचे. त्यांची कादंबरी १८८९ सालची. अमेरिकेतल्या हत्यारांच्या कारखान्यातला एक मुकादम भांडणात डोक्यात पहार बसून बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो तो सहाव्या शतकातल्या इंग्लंडात, आर्थर राजाच्या अमलात. त्याला जाळायला नेतात. पण त्या दिवशी सूर्यग्रहण आहे हे त्याला ठाऊक असते, तेवढ्यावर तो वाचतो आणि पुढे राज्याचा कारभारीच होऊन बसतो. चिलखत घातलेल्या सरदारांच्या अंगावर साबणाच्या जाहिराती लावून त्यांना गावोगाव हिंडवतो. शेवटी शेवटी हे सरदार त्याला सोडवायला सायकलींवरून येतात! पुण्याच्या माणसाला हे चित्र डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडू नयेत. हेच ट्वेनसाहेब कर्जबाजारी झाल्यामुळे साठीच्या वयात व्याख्याने देत जगभर फिरले आणि जानेवारी १८९६ मध्ये मुंबईहून पुण्यालाही येऊन व्याख्यान देऊन गेले. पत्नी आणि एक मुलगी बरोबर होती. त्याच वर्षी ह्याच पुण्यात अण्णासाहेब कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. एकाच गावात एकाच साली केवढाले निरनिराळे काळ नांदत असतात पाहा. विधवेने शिकावे की नाही ह्यावर इथे वाद चालला होता आणि तिकडे कँपात साहेबलोक अमेरिकन विनोदाला हसत होते.

पण ट्वेन ह्यांचे पुस्तक मी मुलांच्या कपाटात ठेवणार नाही, मोठ्यांच्या ठेवीन. त्याचा शेवट भयानक आहे. विजेच्या तारांनी हजारो माणसे मारली जातात. शिवाय त्यांचा नायक आरंभापासून सगळे जाणणारा आहे. ज्याला सगळे आधीच येते, तो वाढणार कुठून? वेल्सच्या १८९५ सालच्या कालयंत्राबद्दलही मी हेच म्हणेन. यंत्र उत्तम आहे, हसू मात्र नाही.

आपल्या कामाचे पुस्तक एका बाईने लिहिले आहे. ईडिथ नेस्बिट ह्यांचे ‘स्टोरी ऑफ द ॲम्युलेट’, साल १९०६. लेखणीवर घरखर्च चालवणारी ही बाई. म्हणून की काय, तिच्या गोष्टीतली मुले कुठल्याही युगात गेली तरी जेवणाची वेळ विसरत नाहीत. चार भावंडे. वडील लढाईच्या बातम्या पाठवायला मांचुरियात गेलेले. आई आजारी म्हणून तान्ह्याला घेऊन दूर बेटावर. मुले लंडनला जुन्या दाईच्या घरी. त्यांना एका तोडलेल्या ताईताचा अर्धा भाग मिळतो. दुसरा अर्धा मिळाला तर मनातली इच्छा पुरी होणार. तो शोधायला ती इजिप्तमध्ये जातात, बाबिलोनला जातात. गंमत अशी होते, की बाबिलोनची राणी एक दिवस त्यांच्या घरी लंडनला येऊन उभी राहते. तिला संग्रहालयात नेतात, तर काचेच्या कपाटांतल्या वस्तू पाहून ती संतापते: ही माझी कंठी, हा माझा कंगवा, इथे कोणी आणून ठेवला? आपल्या केळकर संग्रहालयातल्या दिव्यांपुढे आणि अडकित्त्यांपुढे मूळची धनीण येऊन उभी राहिली तर काय होईल, ह्याची कल्पना करा. पुढे रस्त्यातून जाताना राणी विचारते, तुमचे हे गुलाम इतके रोड का, ह्यांना पोटभर घालत नाही का? मुले सांगतात, हे गुलाम नव्हेत, हे कामकरी लोक. राणीला त्यातला फरक काही केल्या समजत नाही. वाचताना आपण हसतो आणि लगेच हसू गिळतो.

पण हे सगळे ज्यासाठी चालले आहे, ते मुले एकमेकांपाशी फारसे बोलत नाहीत. मनातली इच्छा म्हणजे काय, तर आई, बाबा आणि तान्हा परत घरी यावेत. ह्या एका गोष्टीसाठी मी हे पुस्तक यादीत सर्वांत वर लिहिले आहे. ज्यांच्या घरी तेरा-चौदा वर्षांची मुलगी आहे, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. ती दिवसभर फिदीफिदी हसते, दार लावून बसते, ‘काय झालं?’ म्हटले की ‘काही नाही’. त्या ‘काही नाही’ च्या आत काय आहे ते सांगायला तिला स्वतःची भाषा अजून सापडलेली नसते. बाबिलोनच्या निमित्ताने ते सांगता येते.

आता मराठीत काय आहे? जयंतराव नारळीकरांचे नाव आधी घेतले पाहिजे. मे २०२५ मध्ये ते ह्याच शहरात वारले. १९७४ साली त्यांनी आपली ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप ह्या नावाने पाठवली होती. आपल्या नावाकडे पाहून बक्षीस मिळू नये म्हणून आद्याक्षरे उलटी फिरवून केलेले हे नाव, आणि तरी पहिले बक्षीस त्यांनाच मिळाले. त्यांचे ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ तर आपल्या गावचेच. पुण्यातले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतात, जिथे १७६१ सालचे पानिपत मराठ्यांनी जिंकलेले आहे, कारण विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निघून गेली. त्यातला खरा हशा मात्र पानिपतावर नाही, अध्यक्षपदावर आहे. पंतांनी नऊशे नव्व्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषवलेले! त्या जगात एका सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते, पंतांना राहवत नाही, ते जाऊन बसतात. आणि श्रोते ओरडू लागतात, की आम्ही अध्यक्ष केव्हाच बंद केले, उतरा खाली. (अध्यक्षीणबाई, आपण मुळीच उठू नये.) ही कथा अकरावीच्या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातही गेली. उत्तम कथा आहे, पण नायक साठीच्या आसपासचा. पंत वाढायचे ते वाढून झालेले आहेत.

दुसरे नाव भा. रा. भागवतांचे. फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे आपला फास्टर फेणे, विद्याभवनात शिकायला पुण्यात येतो, सायकल हाणतो, जिभेने ‘टॉक्’ करतो आणि चोरांना पकडतो. वीसएक पुस्तके झाली. भागवतांनी व्हर्नच्या अद्भुत कादंबऱ्याही मराठीत आणल्या. हसणे आहे, पुणे आहे, वय बरोबर आहे. पण फेणे काळातून कुठे जात नाही, आणि मोठाही होत नाही. वीस पुस्तकांनंतर तो तेवढाच चुणचुणीत पोरगा. त्याच्या चाहत्यांनी रागावू नये. मीही त्यांतलीच आहे. तो मुलगा आहे, हीदेखील एक बाब आहेच.

वाढत्या वयाची आणि पोट धरून हसवणारी मराठी गोष्ट पाहिजे असेल, तर ती लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. १९३४ पासून ती भागाभागांनी निघाली. वडिलांच्या सोवळ्याचे अघोरी प्रकार, लहान वयातले लग्न, नवऱ्याचे अचानक निघून जाणे, हे सगळे ती बाई हसत हसत सांगते. तिला कालयंत्र लागले नाही. एका आयुष्यातच ती दोन-तीन युगे ओलांडून आली. रमाबाई रानड्यांचे १९१० सालचे आठवणींचे पुस्तकही असेच. १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन पुण्यात आलेली मुलगी. नवरा शिकवतो, आणि शिकते म्हणून घरातल्या बायका बोल लावतात. नांगर कधी कधी बायकांच्याच हाती असतो, हे आपल्या मंडळात तरी मोकळेपणाने बोलावे.

म्हणजे वाण आहे, सामान आहे, पुणे आहे. नाही ती कादंबरी. तेरा वर्षांची मुलगी, आजच्या पुण्यातून मागच्या पुण्यात जाणारी, हसवणारी आणि चांगली लांबलचक, अशी मराठी कादंबरी माझ्या वाचनात नाही. ती कशी असावी, हे सांगण्याचा मोह मला आवरत नाही.

समजा, आपल्यापैकी कोणाची नात बुधवार पेठेतून जाते आहे. भिडेवाड्याची जागा आली. स्मारकासाठी तो जुना वाडा २०२३ मध्ये पाडला गेला. तिथे ही पोर अडखळते आणि उठते ती १८४८ साली, त्याच वाड्यात, मुलींच्या शाळेत. अंगावरच्या कपड्यांचा घोटाळा मी सांगत नाही, तो तुम्हीच मनात आणा. बाई तिला विचारतात, शाळेत जातेस? हो, आठवीत. आठवी म्हणजे काय, हे कोणाला कळत नाही. बरे, पाढे म्हण. ती घडाघडा बारापर्यंत म्हणते. आता पावकी म्हण. निमकी म्हण. पाऊणकी? औटकी? औट म्हणजे साडेतीन, हे पोरीच्या गावीही नसते! सहा-सात वर्षांच्या चिमुरड्या फिदीफिदी हसतात. खिशातल्या यंत्रावर हिशेब करते म्हणावे, तर त्याची वीज संपलेली. एवढा विनोद कोणालाही जमेल. पण मग ती मान वर करून बाईंकडे पाहते. सावित्रीबाईंचा जन्म १८३१ चा. म्हणजे ह्या बाई सतरा वर्षांच्या! तिच्या ताईएवढ्या. पुस्तकात पाहिलेल्या चित्रातल्या मोठ्या बाई ह्या नव्हेत. शाळा सुटल्यावर दोघी बरोबर निघतात आणि बाईंच्या पिशवीत दुसरे लुगडे का आहे, ते तिला कोपऱ्यावर कळते. शेणाचा पहिला गोळा येतो, तेव्हा आपल्या नातीने काय करावे? पळावे? ओरडावे? पुढे काय होणार आहे, मुली डॉक्टर होणार, विमाने चालवणार, हे सगळे एकट्या तिलाच ठाऊक आहे; आणि हे सांगितले तर खरे कोण मानणार? लुगडे बदलताना सावित्रीबाई तिला काय म्हणतील, हे मला सुचत नाही. सुचले असते तर मीच कादंबरी लिहिली असती.

आणि ती घरी परत आली, की पुढची अडचण. तिची उंची वाढलेली असणार. वसतिगृहात वर्षभर राहून दिवाळीला घरी आलेल्या मुलीला आपलीच पडवी बुटकी वाटते, कोनाडा खाली आलासा दिसतो; हे आपण पाहिले आहे. ती काहीतरी मोठे बोलते आणि घरातले म्हणतात, फार शहाणी झालीस. तेव्हा पुस्तके कपाटात ठेवावीत की नाही, ह्या प्रश्नापेक्षा मला हा प्रश्न मोठा वाटतो, की ती वाचून मुलगी काही विचारू लागली तर आपण तिला बसून ऐकणार आहोत का? डोक्यात खुळे शिरतील ही भीती ज्यांनी बोलून दाखवली, त्यांची मुलींविषयीची काळजी खरी आहे, हे मी जाणते. खुळे शिरतीलच. रेवतीच्या डोक्यातही कितीतरी असतील. ती कोणी लिहून ठेवली असती, तर आज तिची उंची आपल्याला नीट मोजता आली असती.

यादी मी कार्यवाह बाईंकडे दिली आहे. नेस्बिट, नारळीकर, भागवत, लक्ष्मीबाई आणि रमाबाई, असा क्रम आहे. ट्वेनसाहेब मोठ्यांच्या कपाटात. नेस्बिटबाईंचे पुस्तक इंग्रजीत आहे, म्हणून शनिवारी दुपारी चार वाजता मी ते मराठीत वाचून सांगेन. आज्यांनीही यावे, बाबिलोनच्या राणीच्या दागिन्यांवर त्यांचे मत हवे आहे. आणि भिडेवाड्याच्या गोष्टीसाठी एक कोरी दोनशेपानी वही मुलांच्या कपाटात वरच्या खणात ठेवली आहे. पहिले पान ज्या मुलीला लिहावेसे वाटेल तिने लिहावे, पुढचे दुसरीने. व्याकरण कोणी तपासणार नाही. पेन मात्र आपापले आणावे. ग्रंथालयातली दोन गेल्या आठवड्यातच कोणत्या तरी युगात निघून गेली आहेत.